पोलादपूरच्या चुलीवरचा बंगाल

प्रवासाने माणसाचे मन मोठे होते. परमुलखात जावे, तिथल्या माणसांच्या पंगतीला बसावे, म्हणजे आपपरभाव गळून पडतो, असे प्रवासवर्णने लिहिणारे सगळेच सांगतात, आणि मी त्यांच्याशी सहमत आहे. मी स्वतः बंगाल अनुभवून आलो आहे. महाडच्या स्टँडवर पोलादपूरची एसटी मिळाली की तासाच्या आत तिथे पोहोचता येते आणि संध्याकाळी परतही येता येते. मन मोठे होण्याचे तेवढे त्या दिवशी राहून गेले.

माझा मित्र सकपाळ पोलादपूरला राहतो. महाडच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी त्याच शाळेत मास्तर झालो आणि तो बिरवाडीजवळ नव्याने आलेल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. रविवारी सकाळी मी महाडच्या बाजारातून मासा घ्यायचा, एसटीने पोलादपूरला न्यायचा, सुमनवहिनींनी त्याचे कालवण करायचे, आणि ते जेवून सकपाळने आणि मी दुपारभर पडवीत बसून जगातल्या थोर माणसांची मापे काढायची, असा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. मी सकपाळांकडे जेवतो यावर आमच्या आळीत एके काळी चर्चा झाली होती. वहिनींच्या कालवणाचे वर्णन मी दोघातिघांना सविस्तर ऐकवल्यावर चर्चेचा सूर बदलला आणि पत्ता विचारला जाऊ लागला. मी तो कोणाला दिला नाही.

अशा या रविवारात भौमिक नावाचा माणूस शिरला. तो त्याच कारखान्यात केमिस्ट होता, कलकत्त्याकडचा, बिरवाडीत खोली घेऊन एकटा राहणारा. आधी तो फक्त सकपाळच्या बोलण्यात आला. भौमिक असे म्हणतो, भौमिक तसे म्हणतो. एका रविवारी तर सकपाळने वहिनींच्या कालवणात भात कालवता कालवता सांगितले, "भौमिक म्हणतो, माशात नारळ घालणं म्हणजे माशाचं तोंड दाबणं."

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्या वळून आत गेल्या आणि भांडे आपटल्याचा आवाज आला. मी तेव्हाच ओळखले की या घरात माझ्या बाजूने निदान एक माणूस आहे.

त्याच दुपारी सकपाळ म्हणाला, "पुढच्या रविवारी भौमिक येतोय. तोच रांधणार, अस्सल बंगाली. येताना त्याला घेऊन ये. आणि दिघे, जमलं तर पुढे बिरवाडीलाच बसत जाऊ. त्याच्या खोलीवर."

"बघू," मी म्हणालो. 'बघू' हा आमच्याकडे नकाराचा सभ्य प्रकार आहे. इतक्या वर्षांच्या मित्राने तो होकार धरला, यावरून प्रकरण कुठवर गेले होते ते कळावे.

रविवारी सकाळी, सकपाळने सांगून ठेवल्याप्रमाणे, मासळीबाजाराच्या तोंडाशी भौमिक उभा दिसला. किरकोळ बांधा, जाड चष्मा, इस्त्रीचा शर्ट, काखोटीला मोहरीच्या तेलाचा डबा. आमच्याकडे हे तेल म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना चोळतात. मी तसे त्याला सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "मास्टरमोशाय (मास्तरसाहेब), इसीलिए आपका मछली दौड़ता नहीं."

दासगावच्या खाडीतला एक मोठा जिताडा फळीवर पडला होता. जिताडा म्हणजे आमच्या जिल्ह्याचा मान. साहेबाकडे काम असले की लोक त्याला जिताडा नेऊन देतात, आणि काम झाले नाही तर त्या जिताड्याची आठवण जन्मभर काढतात. भौमिकने तो पाहिला आणि चष्मा काढून पुसला.

"ये तो भेटकी है," तो म्हणाला. "हमारा भेटकी."

"जिताडा," मी म्हणालो.

"हां, हां. भेटकी."

कोळणीने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. "कोनाचा बी असूं दे. घेताव का नाय?"

मासा मी घेतला. पिशवीही मीच धरली. एसटीत मी माझ्या नेहमीच्या जागी, डाव्या बाजूच्या खिडकीशी बसलो. पुण्याचे लोक पेन्शनीत गेल्यावर बंगला बांधतात. मी या मार्गावर ही एक जागा कमावली आहे. भौमिक माझ्या शेजारी, मांडीवर डबा घेऊन. गाव सुटेपर्यंत तो सारखा बोलत होता. कोणता मासा कोणत्या भाजीबरोबर, मोहरी कोणती, दादा (म्हणजे सकपाळ) किती भला माणूस. सकपाळला आठ इयत्ता बाकावर सोसून मी त्याला अजून आडनावानेच हाक मारतो, आणि हा थोड्या महिन्यांत 'दादा' म्हणत होता.

मुंबई–गोवा रस्ता तिथे सावित्रीच्या संगतीने जातो. भातकापणी होऊन गेली होती. खाचरांत उडव्या (भाताच्या पेंढ्यांचे ढीग) रचलेल्या, पलीकडे बांधावर वालाचे हिरवे वाफे, आणि समोर सह्याद्री इतका सरळ उभा की रस्ता पुढे जाईल यावर विश्वास बसू नये. मी यजमान या नात्याने बोट दाखवून म्हणालो, "ही आमची सावित्री."

भौमिकने ओठ घट्ट मिटून मान हलवली. पुढे एक देऊळ दाखवले, एक वळण दाखवले. त्याने पाहिलेही नाही. समोरच्या सीटच्या दांडीवर नजर रोखून तो गप्प बसून राहिला. गंगेकाठच्या माणसाला आमची नदी बोलण्याजोगी वाटली नसावी, असे मी समजलो. पोलादपूरला उतरल्यावरही तो स्टँडच्या कडेला किती तरी वेळ डोंगरांकडे तोंड करून उभा राहिला. निसर्गप्रेमही होते तर. मग त्याने टपरीवरून एक लिंबू घेतले. मला वाटले, कालवणासाठी. कालवणात ते लिंबू कुठेच दिसले नाही.

पोलादपूरला कोणी येत नाही. लोक पोलादपूरवरून जातात. कोणी महाबळेश्वरला, कोणी गोव्याला. त्यामुळे इथे मुद्दाम उतरणाऱ्या माणसाची चौकशी होते. वाटेवर एका ओसरीवरून म्हाताऱ्याने विचारले, "मास्तर, ह्ये पावनं कुठलं?"

"बंगालचे."

"आनि हिथं काय काम काढलंनी?"

"मासा शिजवायला आलेत."

म्हाताऱ्याने भौमिकला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "त्यांच्याकडं लाकडं नाय मिलत काय?"

सकपाळने भौमिकला दाराशी येऊन मिठीच मारली. माझ्या हातून त्याने पिशवी घेतली.

वहिनींच्या चुलीपाशी त्यांच्याखेरीज कोणी बसल्याचे मी कधी पाहिले नव्हते. आता तिथे पाटावर भौमिक बसला, आणि वहिनी भिंतीला टेकून, पदर खोचून, त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. मी हळूच आत गेलो आणि खालच्या आवाजात म्हणालो, "वहिनी, काही झालं तरी तुमच्या कालवणाची सर याला नाही येणार."

"त्ये मला ठावं हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "जरा सरकून उभे ऱ्हावा. दिसत नाय."

त्याने भिजवलेली मोहरी हिरवी मिरची आणि मीठ घालून पाट्यावर वाटली. मीठ-मिरचीशिवाय वाटली तर कडू होते, असे तो म्हणाला. चिमूटभर फोडणीच्या पलीकडे आम्ही ज्या मोहरीला कधी विचारले नाही, तिचा पिवळा गोळा झालेला मी प्रथमच पाहिला. तुकड्यांना हळद-मीठ चोळून ठेवले. मग त्याने तेल कढईत ओतून धूर येईपर्यंत तापवले. त्या धुराने आधी सकपाळ शिंकला, मग मी, मग शेजारच्या घरातले कोणीतरी. कुडापलीकडून हाक आली, "सुमन गो, काय जलतंय काय तुज्याकडं?"

"नाय गो काकी. पावनं रांधतायत."

"पुरुष?"

"व्हय."

मग काकी स्वतःच दारात येऊन उभ्या राहिल्या.

वहिनींनी आमसुलाची बरणी पुढे केली. भौमिकने मान हलवली. ओले खोबरे किसून ठेवले होते, त्यालाही नकार. "मग घालताव तरी काय?" वहिनींनी विचारले. त्याने खिशातल्या पुडीतले कालोजिरे (आपली कलौंजी) तेलात टाकले, आणि वहिनींच्या टोपलीतून बटाटे काढले.

मी आजवर पुष्कळ प्रवासवर्णने वाचली आहेत आणि परमुलखातल्या चालीरीतींना नावे ठेवू नयेत हे मला कळते. पण ज्या बटाट्यावर आमच्या घरी एकादशी निघते, तो त्याने लांब फोडी करून, तळून, माशाच्या रश्श्यात सोडला. मी सकपाळकडे पाहिले. बालपणीचा मित्र अशा वेळी काहीतरी बोलेल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "वास बघ, दिघे."

वास चांगला होता. हे लिहायला मला आनंद होत नाही.

पाने मांडली. एरवी मी, सकपाळ आणि मुले आधी जेवतो. वहिनी मागाहून आत बसतात. भौमिकने त्या दिवशी पळी स्वतःच्या हातात घेतली आणि म्हणाला, "बौदी (वहिनी), आप भी बैठिए. हम देगा." वहिनी आधी उभ्याच राहिल्या. मग कोणाकडे न बघता पंगतीच्या शेवटी बसल्या.

पोटाकडची जाड, चरबीची तुकडी त्या घरात कायम माझ्या ताटात पडत आली आहे. भौमिकने ती उचलली आणि सकपाळला वाढली. शेपटीवरचा तुकडा मुलांना. एक मधला तुकडा वहिनींना. मग दोन्ही हातांनी कढई कलती करून त्याने जिताड्याची मुंडी, डोळ्यांसकट, माझ्या ताटात ठेवली.

आमच्याकडे पाहुण्याला मुंडी वाढत नाहीत. सगळ्यांचे झाल्यावर जे उरते ते मुंडी, आणि ती खाते रांधणारी बाई. सुमनवहिनी इतकी वर्षे तीच खात आल्या होत्या. मी ताटाकडे पाहत राहिलो. मासा माझा, पिशवी माझी, मित्र माझा, आणि वाट्याला हे. पानावरून उठावे का, याचा मी गंभीरपणे विचार केला. पण परतीच्या एसटीला अवकाश होता.

सकपाळ माझे तोंड बघून हसला. "अरे, मान दिलाय तुला त्याने. त्यांच्याकडं मुंडी जावयाला देतात, नाहीतर घरात जो थोरला असेल त्याला. हा चार भावांत धाकटा. मला म्हणत होता, दादा, आमच्या घरी ती मला कधी मिळालीच नाही."

मी भौमिककडे पाहिले. त्याने स्वतःला एक साधा तुकडा वाढून घेतला होता आणि तो माझ्या ताटाकडे पाहत होता. ती नजर मी ओळखली. कित्येक आठवडे मी तीच घेऊन हिंडत होतो.

उदार माणसाने त्या क्षणी मुंडी उचलून त्याला दिली असती. कोणीतरी आपला हेवा करीत आहे ही भावना मला नवी होती, आणि तिला चव होती. मी खायला सुरुवात केली.

"नहीं, नहीं, उधर से नहीं," भौमिक कळवळून म्हणाला. "पहले गाल."

"व्हय, आदी गालाचं," वहिनी म्हणाल्या. "मग ह्यो पडदा उचला, भाऊजी. डोल्याच्या मागं हात घाला ना, खरं तिथंच हाय."

"बौदी जानती है," भौमिक म्हणाला.

"मी न्हाय जानायची तर कोन?"

दोघे मिळून मला शिकवू लागले, आणि मी ज्यांना माझ्या बाजूच्या समजत होतो त्या वहिनी पलीकडे जाऊन बसल्याचे माझ्या लक्षात आले. मुंडी मी सगळी खाल्ली. मोहरी नाकात चढत होती, म्हणून डोळ्यांत पाणी होते. सकपाळने ते कालवणाच्या स्तुतीत जमा केले.

हात धुताना सकपाळने विषय काढलाच. "मग पुढच्या रविवारपासून बिरवाडी?"

"बिरवाडीला कशाला?" वहिनी अजून पानावरच बसून होत्या. त्यांना उठायची घाई दिसत नव्हती. "तुमी तिकडं जावा नि मी हिथं काय करू? लगीन होऊन आले तवापासनं रविवारी आज पयल्यांदा ताटावर बसून गरम जेवलेय. ह्यांनी हिथं यायचं. मासा भाऊजी आनतील, रांधतील ह्ये बंगाली भाऊजी."

"आणि मी?" सकपाळने विचारले.

"भांडी."

दारातल्या काकी हसल्या, आणि प्रश्न निकालात निघाला. माझा रविवार वाचला होता. तो मी वाचवला नव्हता, आणि तो पूर्वीसारखा माझा एकट्याचा राहिला नव्हता; पण जे हाती येते ते घ्यावे इतका शहाणा मी होतो.

संध्याकाळच्या एसटीत मी पुन्हा खिडकीशी बसलो, भौमिक शेजारी. रिकामा डबा त्याच्या मांडीवर, रिकामी पिशवी माझ्या. डोंगरांवर ऊन पिवळे झाले होते, मोहरीच्या वाटणासारखे. मी अशा उपमा एरवी देत नाही. मनात येत होते की माणसे आपल्या मुलखातून जेव्हा बाहेर पडतात तेव्हा पाठीमागे न मिळालेल्या गोष्टीच बरोबर घेऊन निघतात, आणि दुसऱ्याच्या चुलीवर त्या शिजवून पाहतात. हे त्याला सांगावे म्हणून मी वळलो. तो सीटच्या दांडीकडे पाहत, ओठ मिटून, लिंबू हुंगत होता.

तेव्हापासून रविवार पोलादपूरलाच होतो. मुंडी आम्ही आळीपाळीने घेतो. वहिनींची पाळी सगळ्यांत लवकर येते, कशी ते कोणी विचारत नाही. बटाट्याचीही सवय झाली. फक्त एसटीतली डाव्या बाजूची खिडकी मला सोडावी लागली. ती आता भौमिकची आहे. त्याला गाडी लागते.