सात दगडांचं पाणी

"तहान लागली की पिऊ, घाई काय हाय?" असं सखा जन्मभर म्हणत आला. पाहुण्यांना कोंडाण्याच्या लेण्यांपर्यंत न्यायचं हे त्याचं काम, आणि वय पंच्याहत्तर. वाटेवर रानदेवांचे सात दगड. बापानं घालून दिलेली रीत अशी, की प्रत्येक दगडाला ओंजळभर पाणी घातल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही. म्हणून खांद्याला बाटली असे, पण ती देवांची. सखा तिला शिवतही नसे.

मार्चातल्या एका सकाळी पाचव्या दगडापाशी त्याला घेरी आली. ज्या पाहुण्यांना वर न्यायचं, त्यांनीच त्याला उचलून खाली आणलं. घेरीपेक्षा ती लाज मोठी.

कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या सुनेला, छायाला, समजावलं, "शरीर मेंदूला तहानेचा निरोप धाडतं. तो टिपून घेणाऱ्या जागा वयानं कमी होतात, मंदावतात. आजोबांना तहान लागायची वाट बघू नका."

"म्हंजी माजं डोकं बहिरं झालं?" सखा फुरंगटला.

घरी येताच छायानं त्याची काठी माळ्यावर टाकली. "मामा, घटकेघटकेला पानी पिनार असाल तरच वर जायचं."

"तहान नसताना? मी काय कोथिंबिरीचा वाफा हाय?"

आठ दिवस सखा ओटीवर बसून राहिला. पाहुण्यांनी वाट विचारली, की मुद्दाम लांबची सांगे. जेवण निम्म्यावर आलं. छायाला ते बघवेना.

"मामा, तुमचे देव कदी म्हनले, सखा, आमाला तहान लागली?"

"दगड ते! कशाला म्हनतील?"

"मग पाजता का?"

छाया काठी काढायला माळ्याकडं वळली.

"त्यांच्या ओंजळीमागं एक ओंजळ तुमची. परसाद म्हनून. जाताना सात, येताना सात."

"येताना देवाला घालत नाय कुनी."

"आता घाला. त्यांचंबी वय झालं."

सखा खो खो हसला, आठ दिवसांत पहिल्यांदा. काठी खाली आली.

दुसऱ्या दिवशी चार पाहुणे मागं घेऊन तो निघाला. पहिला दगड ओटीवरून दिसतो. त्यानं देवाला पाणी घातलं, मग काढा प्यावा तसं तोंड करून आपली ओंजळ संपवली, आणि वळून ओरडला, "बगते काय गं? देवानं दिलं म्हनून घेतलं!"

मग काठी टेकत तो चढाला लागला. त्याची पांढरी टोपी कारवीत दिसेनाशी होईपर्यंत छाया दाराची चौकट धरून बघत होती.