बार्टन म्हणजे काय

विंझरला आमच्या दुकानाच्या पायरीवर रोज सकाळी एक पेन्शनर तंबाखू मळत बसायचे. जर्मनच्या लढाईत जखमी झाल्यावर त्यांना विलायतेत समुद्रकाठच्या बार्टन नावाच्या गावी ठेवलं होतं. तिथून परतले ते हा एक शब्द घेऊन. धुकं पडलं की म्हणायचे, "आज लई बार्टन हाय." म्हशीचं दूध दाट निघालं की बार्टन, कुणी पायात बूट घालून ऐटीत चाललं की बार्टन, आणि कुणी थाप मारली तर तीही बार्टन. हळूहळू सगळं गाव तसंच बोलायला लागलं. मला त्याचा वैताग यायचा.

एकदा पालीची एक म्हातारी त्यांना शोधत दुकानाशी आली. तिचा मुलगा त्याच बार्टनला वारला होता.

"दादा, बार्टन म्हंजी काय वो?" तिनं विचारलं.

आता हे काय सांगतात, म्हणून मी दुकानातून वाकून पाहिलं. त्यांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

"सातूची वाडी, आये. तितल्या मडमेनं सांगितलं, जुन्या बोलीत त्योच अर्थ. तशी बार्टनं तिकडं लई हायेत, आपल्या वाड्यांवानी."

"म्हंजी वाडीतच हाय त्यो," म्हातारी म्हणाली, आणि पदर सावरून पालीच्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी समोरचं झाड दिसत नव्हतं. या खेपेला मीच म्हणालो, "आज लई बार्टन हाय!"

"धुकं हाय," ते म्हणाले, आणि तंबाखू मळू लागले.