मंदाताईची किडनी

आमचे विठूभावोजी म्हणजे बायकोला विचारल्याशिवाय शिंकणारही नाहीत! "मंदा, खाली जाऊन येऊ का?" "मंदा, पंखा लावू का?" इंद्रलोक सोसायटीतल्या आमच्या अख्ख्या मजल्याला पाठ झालंय. आणि मंदाताई, माझी सख्खी थोरली बहीण, ती कुणाला विचारेल तर शपथ! भावोजींच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा "माझी काढा" असं डॉक्टरांना परस्पर सांगून मोकळी झाली. मी डोकं आपटलं, पण ऐकतेय कोण?

डायलिसिस सुरू झाल्यावर भावोजींची लघवी हळूहळू बंदच झाली. पाणीसुद्धा घोट मोजून. म्हणून ताईही त्यांच्यासमोर पाणी प्यायची नाही. शेजारी माझ्याकडे येऊन तांब्या रिकामा करायची, वेडी कुठली.

ऑपरेशनच्या आधी भावोजी घाबरले. डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "नसा तर तुटणार. मग हिच्या किडनीला काम सांगणार कोण?"

"कुणीच नाही, काका. किडनीच्या आतच काही पेशी असतात, त्या आपल्या आपण बारीकशी वीज सोडतात. वीज आली की खालची नळी आवळते आणि लघवी पुढे ढकलते. हुकूम लागत नाही."

"माझीच ना ती," ताई म्हणाली, "कुणाच्या सांगण्याची वाट कशाला बघेल?"

ऑपरेशन झालं, पण लघवीच्या पिशवीत काही उतरेना. ताई टाके धरून पडल्या पडल्या मला पिटाळायची, "सुलू, आली का गं?" मी जाऊन रिकामी पिशवी बघून यायचे.  दुसऱ्या दिवशी दुपारी पिवळे थेंब दिसले, मग धार. मी वॉर्डातच मोठ्याने रडले, नर्स ओरडली.

काही दिवसांनी लघवीची नळी काढली. आता भावोजींना स्वतःहून व्हायला हवी होती. इतके महिने रिकामं राहिलेलं मूत्राशय साथ देईल का, डॉक्टरांनाही खात्री नव्हती. ताई त्यांच्या उशाशी बसलेली, मी दाराशी. 

बऱ्याच वेळाने भावोजी चुळबुळले. "मंदा, जाऊन येऊ का?"

जन्मभर फटकन उत्तर देणारी माझी बहीण तोंडावर हात धरून नुसती मान हलवत राहिली. शेवटी मीच खेकसले, "जा हो भावोजी! हेही विचारायचं?"

बाथरूममधून धारेचा आवाज आला. ताईने ग्लास काठोकाठ भरला आणि ते बाहेर आल्यावर त्यांच्यासमोर उभी राहून घटाघटा प्यायली. मग दुसरा भरून त्यांच्या हातात दिला.