महांतेशअण्णांचे पाच आकडे

निपाणीचे महांतेश पट्टणशेट्टी बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं पोलाद तोडत होते. अणुभट्टीच्या दाबपात्रासाठी वापरलेल्या पोलादाचा बोटभर तुकडा उणे साठ अंशांपर्यंत गार करायचा, चिमट्याने उचलून यंत्रावर ठेवायचा आणि वरून जड लोलक सोडायचा. तुटताना तुकडा किती ऊर्जा खातो, त्यावरून ते पोलाद तडा कितपत सोसेल याचा अंदाज येतो. अट एकच. गार द्रवातून उचलल्यापासून पाच सेकंदांत घाव बसला पाहिजे. उशीर झाला की तुकडा ऊब धरतो आणि पोलाद आहे त्याहून चिवट दिसतं.

अण्णा घड्याळ वापरत नसत. ‘ओंदु, एरडु, मूरु’ असं कानडीत मोजत. विभागप्रमुख गुरुराज नव्या माणसांना सांगत, ‘‘घड्याळ चुकेल, अण्णा नाही.’’

१९९६च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून नव्याने आलेल्या शाल्मलीने गंमत म्हणून स्टॉपवॉच लावलं आणि त्यावरचा आकडा दोनदा वाचला.

‘‘अण्णा, अजून एक तोडा ना.’’

‘‘का गं? आज चहाची घाई नाही वाटतं?’’

दुसरा तुकडा तुटला. तिने घड्याळ पुढे केलं. आठ सेकंद.

‘‘पुण्याचं घड्याळ ते. तिकडे सगळ्यांनाच घाई,’’ अण्णा हसले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्यांनी मोजलं. त्यांचे पाच झाले तेव्हा काटा आठवर होता.

उजवा हात दोन वर्षं कापत होता. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मोजणंही हाताबरोबर मंदावलंय, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. आणि त्याच दोन वर्षांत त्यांनी एका दाबपात्राचं चाचणीसाठी राखून ठेवलेलं सगळं पोलाद तोडून संपवलं होतं.

ते गुरुराजांकडे गेले, आठ सेकंदांचं सांगितलं. ‘‘सर, दोन वर्षांचे आकडे खोडा.’’

‘‘आणि नवे कशाचे काढू? तुकडा उरलाय का एक तरी? अहवाल कधीच गेलाय. आकडे चांगले आलेत की, अण्णा.’’

‘‘तेच तर सांगतोय. चांगले आलेत.’’

गुरुराज बराच वेळ नोंदवही चाळत राहिले. ‘‘सरी, ठीक आहे, बघतो,’’ म्हणाले आणि ती कपाटात ठेवून त्यांनी कुलूप लावलं.

सोमवारी यंत्रावर दुसरा माणूस उभा होता, गळ्यात स्टॉपवॉच. अण्णांना गोदामात बसवलं होतं, तुटलेल्या तुकड्यांच्या जोड्या लावून पाकिटात भरायला. महिनाभराने त्यांनी विचारलं तेव्हा गुरुराज पुन्हा ‘बघतो’ म्हणाले. आकडे होते तिथेच राहिले.

गोदामातही भिंतीवर घड्याळ होतं. अण्णा रोज त्याच्याकडे बघून मोजायचे. काटा आठवर जायचा, कधी नवावर. त्यांना मात्र ते पाचच वाटायचे.