कंसातले जंगली

"हिला विचारा. हिचीच भाषा आहे ती."

साहेब म्हणाले आणि खोलीतले सगळे हसले. समोरच्या मोठ्या पडद्यावर काळा रंग फासलेली माणसं भाले घेऊन उड्या मारत होती. कमरेला पानं, नाकात हाड. मधोमध खांबाला बांधलेले हिरो आणि हिरॉईन, गोरेपान. ती माणसं काहीतरी ओरडत होती, ज्याला ना शेंडा ना बुडखा.

माणच्या आयटी पार्कातलं आमचं ऑफिस. काम सिनेमांना सबटायटल लावायचं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आवाजही लिहायचे, कंसात. दार वाजतं. कुत्रा भुंकतो. बाई रडते. एका ओटीटी कंपनीने जुने सिनेमे विकत घेतले होते. ते धुऊन-पुसून नव्याने लावायचे होते. त्यातला हा एक माझ्या वाट्याला आला होता.

मी कातकरी. साहेबांना ते ठाऊक होतं. मुलाखतीतच त्यांनी आडनाव खोदून खोदून विचारलं होतं.

"सर, ही भाषा कुणाचीच नाही," मी म्हणाले.

"अगं, गंमत केली. लिही, जंगली ओरडतात. संपलं."

पुन्हा हसले सगळे. मी खाली बघत बसले.

त्या ओरडण्यानंतर सिनेमात एक नाचगाणं होतं, ते मला नवीन नव्हतं. मावळातल्या आमच्या शाळेत गॅदरिंगला बाईंनी त्याच गाण्यावर नाच बसवला होता. गावातल्या पोरींना त्यांनी तव्याची काजळी तेलात कालवून लावली. तोंडाला, हातापायांना. माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या.

"हिला नको. ही तयारच आहे."

नाच झाला. टाळ्या पडल्या. मग पोरी हापशावर गेल्या. साबण लावून खसाखसा धुतलं. एकेक पोर गोरी होऊन परत आली. मी बाजूला उभी. मला धुवायला काही नव्हतं.

आई वीटभट्टीवरून तशीच आली होती. सगळ्यांच्या मागे जमिनीवर बसून तिने नाच बघितला. वाडीकडे जाताना वाटेत म्हणाली, "आपल्यात आसं कोन नाचतं गं?"

"सिनेमात नाचत्यात," मी म्हणाले.

"मंग त्यास्नी म्हनावं, या की वाडीवर. बघा आमी कसं नाचतो."

कुणी आलं नाही. कुणाला यायचंच नव्हतं. त्यांच्याकडे काजळी होती, तेवढ्यावर त्यांचं भागत होतं.

साहेबांच्या त्या गमतीच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात त्या सीनपुढे कंसात लिहिलं: काळा रंग फासलेले नट अर्थ नसलेलं ओरडतात. यातलं एक अक्षर खोटं नाही. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"हे काय लिहिलंयस?"

"दिसतंय ते."

"सबटायटलमध्ये आपलं मत घालायचं नसतं."

"मग जंगली हे कुणाचं मत आहे?"

ते खुर्चीत मागे रेलले. आवाज मऊ केला. हा मऊ आवाज मी ओळखते. शिवी परवडली.

"हे बघ, क्लासिक सिनेमा आहे. तो काळच तसा होता."

"त्या काळात आम्ही होतो, सर. माझी आजी होती. तिला विचारलं होतं का कुणी?"

मी बोलत राहिले. म्हटलं, याच सिनेमात हिरो सिगरेट पेटवतो तेव्हा खाली पट्टी येते. आरोग्याला घातक म्हणून. धुराची काळजी आहे तुम्हाला. मग इथं पट्टी का नाही? सुरुवातीलाच लिहा, या सिनेमात आदिवासींची थट्टा केली आहे, ती आम्ही जशी होती तशी ठेवली आहे, आणि ती चूक आहे. वाचायला कितीसा वेळ लागतो?

"क्लायंटला असलं चालत नाही," ते म्हणाले. "उठ आता."

शेजारच्या टेबलावर वृषाली बसायची. सांगवीची. मनाने वाईट नाही. माझ्या डब्यातली भाकरी मागून खायची. म्हणाली, "मी सांगते सरांना, तो सीनच उडवू. कुणाला कळणारही नाही."

"तेच नकोय मला," मी म्हणाले.

तिला माझा राग आला. पण सीन उडवला की कोण सुटतं? आम्ही सुटत नाही. काजळी लावणारे सुटतात. उद्या म्हणतील, असं काही झालंच नव्हतं, तुम्ही उगाच कांगावा करता. पुरावा त्यांचा, पुसायचं त्यांनीच, आणि आभार आम्ही मानायचे?

सिनेमा लागला. मी ताथवड्याच्या खोलीवर मोबाइलवर लावून बघितला. सुरुवातीला एक ओळ नाही. सिगरेटची पट्टी मात्र जागच्या जागी. मग तो सीन आला. खाली कंसात अक्षरं उमटली: आदिवासी ओरडतात.

सकाळी साहेब लिफ्टपाशी भेटले. "जंगली काढलं बघ तुझ्यासाठी. खूश?"

आधी निदान कुणाचं नाव नव्हतं. आता आमचं नाव घातलं होतं. ही त्यांची सुधारणा.

त्याच दिवशी मी ओटीटी कंपनीकडे तक्रार केली. माझं नाव घालून, जमात घालून. आठवडा उलटायच्या आत ऑफिसने गळ्यातलं कार्ड काढून घेतलं. घरातलं बाहेर नेलं म्हणाले. त्यांचं घर. मी त्यात कधी होते?

आता चाकणला एका कारखान्यात लाइनवर वायरी जोडते. परवा शिफ्टच्या बसमध्ये शेजारचा सहकारी मोबाइलवर तोच सिनेमा बघून हसत होता. मी सांगितलं, मी कातकरी आहे, आणि हे आमच्यावर आहे. त्याने घाईघाईने मोबाइल बंद केला.

"सॉरी ताई."

"बंद नको करू, भावा. बघ. पण काय बघतोयस ते कळून बघ."

त्याने पुन्हा लावला. हसला मात्र नाही.

ओटीटी कंपनीचा फोन आला होता. फोनवरच्या बाई गोड बोलत होत्या. भावना दुखावल्याबद्दल माफी मागतो, तक्रार मागे घ्या. मी नाही म्हणाले. माझ्या भावना दुखावल्या नाहीत. तुम्ही खोटं लिहिलंय. माफी मागून तुम्ही मोकळे व्हाल, आणि मला तुम्हाला मोकळं सोडायचं नाही.

सिनेमा राहू द्या. त्यातलं एक चित्रही कापू नका. त्याच्या कपाळावर तुमचं कृत्य तुमच्या हाताने लिहा. तोवर तक्रार उभी राहील, आणि ती निकालात काढलीत तर मी दुसरी करीन.