गेटाबाहेरचा श्वास

बाबांनी एक मोठा श्वास घ्यायचा, एवढंच काम होतं. आणि तेच त्यांना जमत नव्हतं.

गिरण्यांचा संप होऊन तीसेक वर्षं उलटली होती. बाबांची गिरणी पाडून तिथं काचेचा टॉवर उभा राहिला होता, आई गेली होती, आणि लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर मी आणि बाबा दोघंच उरलो होतो. त्यात बाबांच्या डाव्या फुप्फुसात गाठ निघाली. कार्डिंग खात्यात कापूस पिंजण्यात उमेदीची वर्षं गेलेली, छाती आधीच धुळीनं खाल्लेली. ऑपरेशन झेपणार नाही, किरणांचा शेक द्यावा लागेल, असं ठरलं.

परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून नीट समजावलं. किरणं गाठीपर्यंत पोचायची तर वाटेतल्या फुप्फुसातून जाणार, आणि जातील तिथलं फुप्फुस करपणार. तेव्हा आधी श्वासाचे फोटो काढायचे. कुठला भाग अजून हवा घेतोय आणि कुठला नुसताच जागा अडवून बसलाय, ते बघायचं. मेलेल्या भागातून किरणं न्यायची, जिवंत भागाला होता होईल तो हात लावायचा नाही.

"उरलंय ते थोडंच आहे," त्या म्हणाल्या. "तेही गेलं तर नाकाला नळी आणि उशाशी सिलिंडर, कायमचा." मला आमचे तीन जिने आठवले.

पहिला फोटो निघाला. चालू भाग रंगीत दिसतो, बंद भाग काळा. डाव्या फुप्फुसाचा खालचा अख्खा भाग काळा होता, आणि वर एक पट्टा.

"मग सोपं झालं," मी म्हणाले. "तिथूनच न्या."

डॉक्टरीणबाईंनी त्या खालच्या काळ्या भागावर बोट ठेवलं. "स्कॅनच्या वेळी ते श्वासच एवढासा घेत होते," त्या म्हणाल्या. "तो भाग मेलाय, की ते तिथवर हवा पोचूच देत नाहीत, हे मला कळत नाहीये. चुकून जिवंत भाग जाळायचा नाहीये मला. परवा पुन्हा काढू. तोवर घरी सराव करा."

घरी मी बाबांना खुर्चीत बसवलं. "घ्या बघू, पोटापर्यंत." खांदे हलले, पोट ढिम्म. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. माझं तोंड आधीच फटकळ. "अहो, श्वास मागतेय, किडनी नाही मागत!"

बाबा हसले. "अर्धोच घेवचो, गो. उरलेलो गेटाभायर."

हे त्यांना शिकवलं होतं काकांनी. काका म्हणजे त्यांच्या शेजारच्या मशीनवरचा दोस्त, आमच्याच गावचा. खात्यात श्वास अर्धाच घ्यायचा म्हणजे धूळ खाली उतरत नाही, असं त्यांचं म्हणणं. पाळी सुटली की जो आधी बाहेर येईल त्यानं गेटाजवळ थांबायचं, आणि दुसरा आला की दोघांनी मिळून पोटभर श्वास घ्यायचा. एकट्यानं घ्यायचा नाही. लहानपणी बाबांना आणायला जायची तेव्हा मी हे बघितलंय. दोघे कमरेवर हात ठेवून उभे, मला हसू यायचं.

संपात काका गावाला गेले. मिटला की येतो, म्हणाले होते. संप काही मिटला नाही. काका तिकडेच वारले, आणि बातमी आमच्याकडे आली तेव्हा बारावं-तेरावंही उरकलं होतं. बाबांनी ती ऐकली आणि टोपी घालून कामाच्या शोधात बाहेर पडले.

दुसऱ्या स्कॅनला काचेपलीकडे बाबा मशीनमध्ये आडवे होते. पोटावर एक डबी ठेवलेली, ती श्वासाबरोबर वरखाली होते आणि तिची रेघ अलीकडे पडद्यावर उमटते. तंत्रज्ञ मुलगी माइकवर सारखी सांगत होती, "आजोबा, मोठा श्वास घ्या." रेघ आपली जमिनीला धरून. शेवटी तिनं माइक माझ्या हातात दिला.

"बाबा, घ्या ना हो," मी म्हणाले. काही नाही. मग काय सुचलं कुणास ठाऊक. "बाबा, पाळी सुटली. गेटाबाहेर आलात तुम्ही."

स्पीकरमधून खरखरता आवाज आला, "तो इलो?"

 मुलीनं माझ्याकडे बघितलं, "कोण आलं?" खोटं कशाला सांगू, त्या अंधाऱ्या खोलीत मी मागे वळून बघितलं.

"आले, बाबा. तुमच्या बाजूलाच उभे आहेत."

डबी उचलली गेली. रेघ वर चढली, चढतच गेली. "असाच, आजोबा, अस्साच!" मुलगी म्हणाली. मी माइक घट्ट धरून उभी होते.

 बाहेर आल्यावर बाबांनी लिफ्टचं दार जरा जास्तच वेळ धरून ठेवलं, मागून कुणी यायचं असल्यासारखं.

नव्या फोटोत खालचा भाग रंगीत होता. डॉक्टरीणबाईंनी किरणांची वाट बदलली, वरच्या, दोन्ही फोटोंत काळ्याच राहिलेल्या पट्ट्यातून नेली. शेक पुरा झाला. बाबा खंगले, खोकले, पण सिलिंडर काही घरात आला नाही. दर मजल्यावर टेकत टेकत जिने चढायचे.

मला मात्र घरात तिघं राहतोय असं वाटायला लागलं. बाबा दाराशी बसून मोठे श्वास घ्यायचे आणि मध्येच थांबून कान द्यायचे. मी स्वयंपाकघरातून उगाच भांडी वाजवायची. भीती वाटायची मला, सरळ सांगते.

सर्वपित्रीला मी आजी-आजोबांची आणि आईची पानं वाढली. बाबा म्हणाले, "त्याचा पण पान वाड."

माझा हात थांबला. आई असताना दरवर्षी विचारायची, काकांचं पान ठेवू का? बाबा खवळायचे, "जित्या माणसाचा पान वाडतंस?"

मी वाढलं. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. बाबांनी ते स्वतः गॅलरीत नेऊन ठेवलं. कमरेवर हात ठेवून उभे राहिले, पोटापर्यंत श्वास घेतला, एकट्यानं, आणि रडले. मोठ्यानं, अख्खी चाळ दारात येईल असं. काकांची बातमी आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि मी इतकी वर्षं समजत होते की हा माणूस म्हणजे दगड. एवढं रडायला छातीत हवा लागते. ती आता त्यांच्याकडे होती. मी त्यांना गप्प केलं नाही.