अंदाज निम्म्यावर आणला नाही

चाकणच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते, तिथे मोटारसायकलचे क्लच बनतात. पुढे किती क्लच लागतील याचा अंदाज बांधणं हे माझं काम. गेल्या दिवाळीचा अंदाज सपशेल चुकला. माल इतका उरला की खोकी गोदामाबाहेर ताडपत्रीखाली रचावी लागली. गोदाम सांभाळणारे काका म्हणायचे, "ताई, आता फकस्त तुमच्या टेबलाखाली जागा हाय."

यंदाच्या बैठकीत साहेबांनी आधीच सांगून टाकलं, "मॅडम, जो आकडा आणलाय तो निम्मा करा. गेल्या वर्षीचं विसरलात का?"

विसरले नव्हते. उन्हाळाभर मी तळेगावपासून पिंपळे सौदागरपर्यंतच्या शोरूम पालथ्या घातल्या होत्या. गेल्या दिवाळीत गिऱ्हाईक गेलं कुठे, एवढंच विचारत होते. बहुतेक जण नवीन मॉडेलसाठी थांबले होते आणि लग्नसराईत त्यांनी गाड्या घेतल्या होत्या. थोडे मात्र इलेक्ट्रिक स्कूटरकडे वळले होते. त्यांना क्लच लागतच नाही.

"सर, गिऱ्हाईक थांबलं ते तेवढ्यापुरतं. स्कूटरकडे गेलेलं परत येणार नाही. तेवढाच आकडा मी कमी केलाय."

"आणि हेही चुकलं तर?"

"थोडं चुकेलच. दर महिन्याला विक्री बघून सुधारू. पण एकदा चुकलो म्हणून निम्म्यावर आलो, तर ती दुसरी चूक होईल."

साहेबांनी माझा आकडा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "बरं. जबाबदारी तुमची."

पितृपक्षात विक्री दरवर्षी मंदावते, यंदा जरा जास्तच मंदावली. तरी मी आकडा थोडासाच उतरवला. घटस्थापनेपासून बुकिंग वाढू लागलं, तसा पुन्हा चढवला. दसऱ्यानंतर ट्रक भरून जायला लागले आणि गोदामाची फरशी दिसू लागली.

धनत्रयोदशीच्या आधी गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याचा साहेबांना फोन आला. साहेबांनी तो स्पीकरवर टाकला.

"राव, अजून माल आहे का? बाकीच्यांनी हात वर केलेत. सगळ्यांनी घाबरून कमी बनवलाय."

साहेबांनी फोन माझ्यासमोर सरकवला. "आमच्या मॅडमना विचारा."

"आहे," मी म्हणाले. "आजच गाडी पाठवा."

माझा आवाज इतका खणखणीत निघाला की शेजारच्या केबिनमधले दोघं उठून बघायला आले.